ताडोब्यात मुक्काम किती? रात्री नको, फेऱ्या मोजा

वाचकाचं पत्र: आम्ही परभणीचे. घरात मी, बायको, अडुसष्ट वर्षांची आई आणि दोन लेकरं, थोरलं दहा वर्षांचं, धाकटं सहा. लेकरांना वाघ दाखवायचा म्हणून ताडोब्याला जायचं ठरवलंय, स्वतःच्या गाडीने. शेजारचे म्हणतात, एका दिवसात होतं, सकाळी शिरायचं आणि दुपारी निघायचं. ट्रॅव्हलवाला चार रात्री पाच दिवसांचं पॅकेज गळ्यात मारतोय. दाजी म्हणतात, एवढ्या लांब कशाला, टिपेश्वर करून या. मला रजा चार दिवस मिळेल. पैसा उधळायचा नाही, पण पुन्हा पुन्हा जाणंही व्हायचं नाही. किती दिवस राहावं? आणि एप्रिलच्या सुट्टीत जावं की आधी?

उत्तर:

तुमच्यासाठी तीन रात्री आणि चार फेऱ्या, म्हणजे जंगलातल्या चार सफारी. मंगळवारी परभणीहून निघा, शुक्रवारी रात्री घरी या. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत कधीही जा, एप्रिलची वाट बघू नका. आता हे कशावरून, ते सांगतो, म्हणजे तारखा हलल्या तरी हिशोब तुमचा तुम्हाला मांडता येईल.

मुक्काम रात्रीत मोजणं ही लॉजवाल्याची सोय आहे. तुम्ही फेऱ्या मोजा. ताडोब्यात दिवसाला नेहमीच्या दोनच फेऱ्या असतात, एक सकाळची आणि एक दुपारची, प्रत्येकी साधारण चार तासांची. वेळा ऋतूप्रमाणे पुढेमागे होतात, पण मधल्या वेळात नेहमीची फेरी नसते आणि दुपारच्या फेरीच्या जिप्सी, म्हणजे सफारीच्या उघड्या गाड्या, अंधार पडायच्या आत बाहेर निघाव्या लागतात. म्हणजे चोवीस तास तिथं काढले तरी जंगलात असता फार तर आठ तास. बाकी वेळ खोली, जेवण आणि झोप. पाच दिवसांच्या पॅकेजमध्ये दोनच फेऱ्या असतील तर ते ताडोब्याचं पॅकेज नाही, रिसॉर्टचं आहे.

शेजाऱ्यांचं 'एका दिवसात होतं' कुठं चुकतं ते बघा. एका फेरीत वाघ दिसणारच नाही असं नाही, पुष्कळांना पहिल्याच वळणावर दिसतो. पण समजा एका फेरीत दिसण्याची शक्यता तीनात एक धरली. ही सरकारी आकडेवारी नव्हे, हिशोबापुरती धरलेली गोष्ट. मग दोन फेऱ्यांत एकदा तरी दिसण्याची शक्यता होते ५६ टक्के, तीन फेऱ्यांत ७०, चारमध्ये ८०, पाचमध्ये ८७, सहामध्ये ९१. पहिल्या चार फेऱ्यांपर्यंत प्रत्येक फेरी भरपूर भर घालते. पाचवीपासून खर्च तेवढाच, थकवा दुप्पट आणि पदरात पडतं थोडं. दोघंच असता, दोघांनाही जंगलाचा नाद असता, तर चार रात्री सहा फेऱ्या सांगितल्या असत्या. सहा वर्षांचं लेकरू आणि आई सोबत असताना चारच्या पुढे जाऊ नका. पाचव्या फेरीला धाकटं मांडीवर झोपलेलं असेल.

पण नुसत्या संख्येपेक्षा त्या फेऱ्या कशा लावता याला जास्त किंमत आहे, आणि घोळ बहुतेक इथंच होतो.

फेऱ्या लागोपाठ आणि एकाच गेटवरून घ्या. वाघानं सांबर किंवा गव्यासारखी मोठी शिकार केली तर तो दोन-चार दिवस तिच्या आसपास राहतो, खातो, पाण्यावर जातो, परत येतो. पिल्लांवाली वाघीणही काही दिवस एका पट्ट्यात असते. दुपारच्या फेरीत गाइडला कुठं ताजे ठसे दिसले, कुठल्या नाल्यापाशी वानरं ओरडत होती, हे त्याच्या डोक्यात असतं. संध्याकाळी गेटवर सगळे गाइड आणि चालक एकमेकांना सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची जिप्सी त्या माहितीवर निघते. पहाटेच्या पहिल्या गाड्यांना कच्च्या रस्त्यावरची धूळ अजून मोडलेली नसते, त्यामुळे रात्रीचे ठसे, वाघ कुठून कुठं गेला आणि किती वेळापूर्वी, हे वाचता येतं. दुपार आणि लगेच दुसरी सकाळ ही जोडी म्हणूनच सुट्या दोन फेऱ्यांपेक्षा भारी. एक फेरी मोहर्ली गेटची आणि दुसरी कोलारा गेटची केली की ही सगळी माहिती वाया जाते. शिवाय मोहर्लीहून कोलाऱ्याला बाहेरच्या रस्त्याने जाण्यात दोन-अडीच तास मोडतात. 'सगळं ताडोबा बघू' म्हणून गेट बदलणारे बहुतेक वेळा रस्ताच बघतात.

तुम्ही मोहर्ली धरा. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागात, शिरायला मोहर्ली, खुटवंडा, झरी, पांगडी, कोलारा, नवेगाव अशी गेटं आहेत. नागपूरकडून येणाऱ्याला कोलारा आणि नवेगाव सोयीचं, चंद्रपूरकडून येणाऱ्याला मोहर्ली. मोहर्लीत एमटीडीसीचं आणि वनविकास महामंडळाचं निवासस्थान आहे, खाजगी लॉज आणि गावातले होमस्टेही आहेत. चंद्रपूर शहरात राहून रोज जाऊन येऊ, स्वस्त पडेल, असा विचार मनात येईल, पण तो करू नका. सकाळच्या फेरीला गेट उघडायच्या अर्धा तास आधी कागद घेऊन उभं राहावं लागतं. चंद्रपुरातून निघायचं म्हणजे आईला आणि लेकरांना साडेतीनला उठवायचं. खोलीचे चारशे-पाचशे वाचतील आणि फेरीची मजा जाईल.

आता वार. ताडोब्याचा कोअर भाग दर मंगळवारी पर्यटकांना बंद असतो. पुष्कळ लोकांची सहल यावर आपटते: सोमवारी पोचले, मंगळवार खोलीत गेला, बुधवारी एक फेरी करून परत. तुम्ही उलटं करा, बंदचा मंगळवार प्रवासात घाला. शनिवार-रविवारी शुल्कही जास्त आणि गर्दीही जास्त, तेही टळतं. चार दिवसांची रजा म्हणजे मंगळ, बुध, गुरू, शुक्र, बरोबर बसते.

मंगळवारी सकाळी सहाला परभणी सोडा. नांदेडहून तुळजापूर-नागपूर महामार्ग धरायचा: अर्धापूर, उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ. तिथून करंजी, वणी आणि मग चंद्रपूर. रस्ता चांगला आहे, तरी लेकरं, आई, जेवण, चहा धरून परभणी ते मोहर्ली नऊ-दहा तास मनात ठेवा. सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असेल तर दुपारच्या जेवणाचा तास वाचतो. मोहर्लीला संध्याकाळी पोचा, जेवा, झोपा. पोचण्याच्या दिवशी फेरी ठेवू नका. भलेभले इथंच चुकतात. पहाटे तीनला निघू, दीडला पोचू, दोनची फेरी पकडू, असा कागदावरचा हिशोब एका पंक्चरने कोसळतो. जिप्सी तुमच्यासाठी थांबत नाही, बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीत, आणि नऊ तासांच्या प्रवासानंतर उघड्या गाडीत चार तास धक्के खाल्ले की आईची कंबर उरलेल्या दिवसांसाठी गेली.

बुधवारची सकाळही मोकळी ठेवा. एक फेरी वाया घालवतोय असं वाटेल, पण घालवत नाही. आदल्या दिवसाच्या प्रवासावर पहाटे साडेचारला उठणं लेकरांना झेपत नाही, आणि पहिलीच फेरी पेंगत गेली तर धाकटं पुढच्या फेऱ्यांना नाही म्हणतं. उशिरा उठा, इरई धरणाच्या पाण्यावर पक्षी बघा, मोहर्लीच्या माहिती केंद्रात लेकरांना फिरवा. अकराला हलकं जेवण, थोडी झोप, आणि दुपारी पहिली फेरी, कोअरची. गुरुवारी सकाळी दुसरी, तीही कोअरची, त्याच गेटवरून. गुरुवारी दुपारी तिसरी फेरी बफरची, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्याची घ्या, आगरझरी किंवा जवळचं दुसरं गेट. बफर म्हणजे दुय्यम जंगल असं समजू नका, वाघाला कोअर आणि बफरची रेघ माहीत नसते. पण बफरचं शुल्क तुलनेने कमी असतं, आणि या फेरीला आई नाही आल्या तरी चालेल असं आधीच बोलून ठेवा. त्यांना सक्तीची विश्रांती नको आणि सक्तीचा उत्साहही नको. शुक्रवारी सकाळी चौथी फेरी पुन्हा मोहर्ली कोअर.

कोअर आणि बफर हे शब्द सतत कानावर पडतील म्हणून थोडं सांगतो. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झालं, ते फक्त ११६ चौरस किलोमीटरच्या आसपासचं. १९८६ साली अंधारी अभयारण्य झालं आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आज कोअर सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि भोवतीचं बफर त्याच्या पावणेदोनपट. एवढ्या मोठ्या जंगलात तुम्ही एका गेटवरून चार फेऱ्या केल्या तरी एक कोपराच बघता, आणि तेवढा पुरतो. एका कोपऱ्यात चार वेळा गेलं की लेकरांना वळणं ओळखू येतात, काल इथं ठसे होते हे तीच गाइडला सांगू लागतात.

दाजींच्या टिपेश्वरचं. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. टिपेश्वर हे राष्ट्रीय उद्यान नव्हे, अभयारण्य आहे, यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ, जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. नांदेडहून चार-साडेचार तासांत पोचता येतं. वाघ तिथं भरपूर आहेत, इतके की जागा पुरत नाही म्हणून तरुण वाघ बाहेर पडतात आणि आपल्याच मुलखातून चालत जातात. २०१९ साली गळ्यात रेडिओ कॉलर असलेला टिपेश्वरचा एक वाघ हिंगोलीकडून थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०२१ साली मराठवाड्यातल्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात सापडलेला वाघ टिपेश्वरचा, आणि २०२४च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात आलेला वाघही टिपेश्वरचाच. मराठवाड्याला वाघ पुरवणारं जंगल आहे ते.

पण लहान जंगलाला कमी मुक्काम पुरतो, हे इथं लक्षात घ्या. टिपेश्वरात सुन्ना, माथनी अशी मोजकी गेटं, रस्तेही मोजके. तिसऱ्या फेरीला तेच रस्ते तेच पाणवठे परत येतात. म्हणून टिपेश्वर एक रात्र दोन फेऱ्यांचं, फार तर दोन रात्री तीन फेऱ्यांचं. रजा दोनच दिवस मिळाली तर डोळे मिटून टिपेश्वर करा, ताडोब्याला धावतपळत जाऊन येण्यापेक्षा ते शंभरदा बरं. चार दिवस मिळत असतील तर ताडोबा. दोन्ही एकाच सहलीत बसवू नका. दाजींना तसं सांगून टाका.

कधी जायचं, याचा मुक्कामाशी थेट संबंध आहे. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जंगल हिरवंगार, गवत माणसाच्या छातीला, पाणी जिकडंतिकडं. वाघ दहा फुटांवर बसलेला असला तरी दिसत नाही, आणि पाण्यासाठी त्याला कुठं यावंही लागत नाही. या दिवसांत चार फेऱ्यांचं काम सहा फेऱ्यांना होतं. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी आणि दर दोन्ही चढलेले, वर गवत, म्हणजे तिहेरी मार. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत पहाटेचं वारं असं लागतं की स्वेटर, कानटोपी आणि वर घोंगडी घेतली तरी पहिला तास हात खिशातून निघत नाहीत. एप्रिल-मे मध्ये वाघ दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण नाले आटतात, मोजके पाणवठे उरतात आणि जनावर तिथं येतंच. तेव्हा तीन फेऱ्यांतही काम होतं. पण चंद्रपूरचा उन्हाळा परभणीच्या उन्हाळ्यालाही हार जात नाही, पारा ४५च्या पुढे जातो, आणि दुपारची फेरी सुरू होते ऐन उन्हात, डोक्यावर टप नसलेल्या गाडीत. तुम्ही-आम्ही सोसू, अडुसष्टच्या आईला आणि सहा वर्षांच्या लेकराला ते ऊन लागेल. ऊन लागलं की पुढच्या सगळ्या फेऱ्या गेल्या.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत गवत वाळून बसलेलं असतं, पानगळीमुळे नजर लांब जाते, पळस फुललेला असतो, सकाळी थंडी सोसण्याइतकी आणि दुपारचं ऊन झेपण्याइतकं. वाघासाठी मे भारी, कुटुंबासाठी हाच काळ. लेकरांची चार दिवस शाळा बुडेल, ती बुडू द्या, परीक्षा लांब असतात.

आता जिप्सीत काय होतं ते. एका गाडीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाइड पुढे. तुम्ही पाच जण आहात, म्हणजे पूर्ण गाडी तुमचीच घ्या. गाडीचं आणि गाइडचं शुल्क पाच जणांत वाटलं जातं, आणि लेकराला मध्येच लघवी लागली तर अनोळखी माणसाची तोंडं बघावी लागत नाहीत. मागची रांग थेट मागच्या चाकांवर येते, सगळ्यात जास्त उसळी तिथं बसते. आईला मधल्या रांगेत, कडेला न बसवता मध्ये बसवा, पाठीशी घरची छोटी उशी. कंबरेचा पट्टा असेल तर लावूनच निघा. आई रक्तदाबाच्या गोळ्या घेत असतील आणि त्यात लघवी वाढवणारी गोळी असेल, तर सकाळच्या फेरीच्या दिवशी ती किती वाजता घ्यायची हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. जंगलात वाटेल तिथं उतरता येत नाही, ठरलेल्या एखाद-दुसऱ्या जागीच उतरू देतात, आणि ती जागा गाडीपासून तासाभरावर असू शकते. पाणी घोट-घोट प्या, पण पूर्ण बंद करू नका. उन्हात तहानेनं डोकं उठलं की माणूस वाघ सोडून गेटच बघत बसतो.

कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही. हे लेकरांना आधीच सांगा, नाहीतर गेटवर रडारड होते. कॅमेरा चालतो. एक दुर्बीण मात्र न्याच, शक्यतो दोन, लेकरांत भांडण नको म्हणून. कपडे मातकट किंवा हिरवट, लाल-पांढरे नकोत. अत्तर नको. धूळ खूप उडते, तोंडाला बांधायला रुमाल प्रत्येकाचा वेगळा.

लेकरांना एक गोष्ट आधी शिकवून न्या, त्यामुळे चार तास कंटाळ्याचे होत नाहीत. जंगलात वाघ डोळ्यांआधी कानाला सापडतो. सांबर मोठ्यांदा 'पोंक' करून ओरडतं आणि शेपटी उभी करतं. चितळाची शीळ तीक्ष्ण, तुटक. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरल्यासारखं ओरडतं आणि एकाच दिशेला टक लावतं. चितळ एकदा ओरडून गप्प झालं तर त्याला फार अर्थ नाही, ते पान हललं तरी ओरडतं. सांबर ओरडलं, आणि पुन्हा पुन्हा ओरडलं, तर वाघ किंवा बिबट्या चालतोय असं धरायला हरकत नाही. मग चालक गाडी थांबवतो, इंजिन बंद करतो. खरी परीक्षा आता असते. पाच मिनिटं काही होत नाही, दहा मिनिटं होत नाही, शेजारच्या गाडीतली मंडळी कंटाळून निघून जातात. गाइड हात वर करून नुसता कानाने दिशा धरत असतो. ओरड डावीकडून उजवीकडे सरकत गेली की तो चालकाला हळूच गाडी पुढच्या वळणावर न्यायला सांगतो, कारण वाघाला दाट झाडीपेक्षा मऊ मातीचा रस्ता चालायला बरा वाटतो आणि तो बहुतेकदा रस्त्यावरच उतरतो. अशा वेळी 'अहो, चला ना पुढे, दुसरीकडे बघू' म्हणून गाइडच्या मागे लागू नका. चार तास गाडी पळवणाऱ्यांपेक्षा दोन पाणवठ्यांवर अर्धा-अर्धा तास गप्प बसणाऱ्यांना जास्त दिसतं. अशी घाई एकच फेरी असणाऱ्यांना असते. चार फेऱ्या हातात असल्या की माणूस थांबू शकतो, चार फेऱ्या सांगण्यामागं हेही एक कारण आहे.

आणि वाघाशिवायही पोटभर आहे. ताडोबा तलावात मगरी आहेत, सकाळी उन्हाला येऊन पडतात. गवा, अस्वल, रानकुत्र्यांची टोळी, रोही, चौशिंगा, भेकर. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या कडेला दगडी खांब ओळीनं दिसतात, ते गोंड राजांच्या काळातले, दोरीनं घंटा बांधून निरोप पोचवायला वापरत असं सांगतात. थोरल्याला ते दाखवा. तलावाकाठी तारू देवाचं ठाणं आहे, जंगलाला नाव त्याच्यावरून पडलं असं मानतात. आईंना तेवढं सांगितलं तर त्या वाघापेक्षा तिकडं हात जोडून समाधानानं येतील.

बुकिंग अधिकृत संकेतस्थळावरूनच करा आणि आधी फेऱ्यांचं, मग खोलीचं. उलटं करणारे फसतात: खोली मिळते, फेरी मिळत नाही, कारण प्रत्येक गेटला एका वेळी सोडायच्या गाड्यांची संख्या ठरलेली असते आणि खोल्यांची तशी नसते. प्रत्येकाचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका, आणि तीच मूळ ओळखपत्रं सोबत न्या, लेकरांचं आधारही. नाव जुळलं नाही तर गेटवर अडवतात, आणि तिथं हुज्जत घालून उपयोग होत नाही.

ट्रॅव्हलवाल्याकडूनच जायचं झालं तर त्याला एवढंच विचारा: फेऱ्या नक्की किती, त्यातल्या कोअर किती आणि बफर किती, कुठल्या गेटच्या, आणि आमच्या नावाची बुकिंगची पावती पैसे देण्याआधी दाखवाल का. 'जंगलात फिरवू', 'जंगल दर्शन', 'निसर्गभ्रमण' अशी उत्तरं आली की समजायचं, कोअरची फेरी त्यात नाही. चार रात्रींत चार कोअर फेऱ्या, एकाच गेटच्या, तो लेखी देत असेल तर पॅकेज वाईट नाही, फक्त एक रात्र जास्तीची आहे आणि रजाही पाचव्या दिवसाची लागेल.

बुधवार दुपार आणि गुरुवार सकाळ ही कोअरची जोडी मिळत नसेल तर आठवडा पुढे ढकला, पण जोडी मोडू नका. शुक्रवारची सकाळ मिळाली नाही तर तीन फेऱ्यांवर या, गुरुवारी रात्री राहून शुक्रवारी आरामात निघा. तीन फेऱ्यांचीही सहल होते. दोनच मिळत असतील तर त्या तारखांना टिपेश्वर बघा.

राहिला परतीचा दिवस. शुक्रवारी सकाळची फेरी दहाच्या सुमारास संपते, नाश्ता करून साडेअकराला निघालात तर परभणीला रात्री नऊ-साडेनऊ. पहाटे साडेचारला उठलेल्या माणसाने त्या दिवशी नऊ तास गाडी चालवायची नाही. यवतमाळच्या पुढे दुपारी तीन-चारला जेवण अंगावर येतं, रस्ता सरळ आणि डोळे जड. म्हणून चौथ्या फेरीला गाडी चालवणाऱ्याने जायचं नाही, सातपर्यंत झोपायचं. तुम्ही दोघंही चालवत असाल तर एकाने फेरी करावी, एकाने झोपावं. हे रुचत नसेल तर एक दिवसाची रजा वाढवून मिळते का बघा आणि परतीच्या वाटेवर नांदेडला मुक्काम करा. शनिवारी सकाळी गुरुद्वाऱ्याचा लंगर जेवून दुपारपर्यंत घरी.